हंपी-अनेगुंदी सायकलवर : पाच दिवसांची निवांत भटकंती

हंपीला जाणारे बहुतेक लोक सकाळी होसपेटहून रिक्षा ठरवतात. रिक्षावाला एकेका ठिकाणी उतरवतो, वीस मिनिटं देतो, संध्याकाळी परत आणून सोडतो. विरूपाक्ष झाला, नरसिंह झाला, कमल महाल झाला, दगडी रथासमोर फोटो झाला. राहून जातं ते या ठिकाणांच्या मधलं शहर, विजयनगर साम्राज्याची जुनी राजधानी. जागतिक वारसा म्हणून १९८६ साली नोंदलेलं हे क्षेत्र सुमारे ४२ चौरस किलोमीटरचं आहे. त्यातला फार मोठा भाग तिकिटाच्या कुंपणाबाहेर पडलेला आहे. केळीच्या बागेतून डोकावणारे मंडप, ज्यांच्या पोटातून आजही रस्ता जातो अशा वेशी, विजयनगरच्या काळात खोदलेला आणि अजून शेतीला पाणी देणारा तुर्तू कालवा, हे सगळं रिक्षातून दिसतं खरं, पण दिसेपर्यंत मागे गेलेलं असतं. पायी फिरायला अंतरं आणि ऊन दोन्ही जास्त. म्हणून सायकल.

शर्यतीची तयारी लागत नाही. दिवसाला १५ ते २५ किलोमीटर, तेही ताशी दहाच्या वेगाने आणि दर अर्ध्या तासाला उतरत. शाळेत असताना सायकल चालवली असेल आणि गुडघे साथ देत असतील तर पुरे. जायच्या आधी दोन-तीन आठवडे एक दिवसाआड तासभर सायकल चालवा. पायांपेक्षा बैठकीला सवय व्हायला हवी, कारण तिसऱ्या दिवशी रडवते ती सीट.

केव्हा जायचं

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. मार्चपासून ऊन तापतं, आणि इथलं ऊन दोनदा लागतं: एकदा वरून आणि एकदा ग्रॅनाइटच्या शिळांमधून. दिवसभर तापलेले खडक सूर्य मावळल्यावरही धग सोडत राहतात. पावसाळा देखणा असतो, शेतं हिरवीगार, गर्दी नाही. पण तुंगभद्रा धरणातून पाणी सोडलं की नदीवरच्या होड्या बंद होतात आणि पलीकडच्या काठावरचं अनेगुंदी गाव लांब पडतं. शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा टाळता आला तर टाळा. हंपी उत्सवाच्या तारखा दरवर्षी बदलतात. त्या दिवसांत रस्त्यांवर इतकी वाहनं असतात की सायकल चालवण्यात काही मजा उरत नाही, म्हणून तारखा आधी पाहून मगच रजा टाका.

पोचणं आणि मुक्काम

रेल्वेचं स्टेशन होसपेट. कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेस मिरज, बेळगाव, हुबळी, गदग करत तिथे जाते. आपल्याकडून जाणाऱ्यांना ही गाडी सोयीची. होसपेट ते हंपी साधारण १३ किलोमीटर.

मुक्कामाला तीन पर्याय: होसपेट, कमलापूर आणि नदीपलीकडची अनेगुंदी. (हंपी बाजाराच्या आसपासही खोल्या मिळतात, पण दिवसभराची वर्दळ तिथेच असते.) होसपेटला हॉटेलं भरपूर, मात्र रोज जाऊन-येऊन २५ किलोमीटर रहदारीचा रस्ता तुडवावा लागतो, त्यामुळे तो पर्याय मी सोडूनच देईन. माझ्या मते पहिले तीन मुक्काम कमलापूरला आणि शेवटचे दोन अनेगुंदीला हे सगळ्यात सुटसुटीत. कमलापूर राजवाडा परिसराला अगदी लागून आहे, हंपी बाजार तिथून चार किलोमीटर. बस, एटीएम, पंक्चरवाला सगळं गावात आहे. अनेगुंदीत घरगुती मुक्काम मिळतात आणि संध्याकाळी गाव आपल्या वेळेने शांत होतं.

सायकल : स्वतःची की भाड्याची

स्वतःची न्यायची तर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात सामान म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमधून नेता येते. पेडलं काढा, हॅंडल आडवं फिरवून बांधा, डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा भाग) असेल तर त्यावर पुठ्ठा गुंडाळा. गाडी सुटायच्या दोन तास आधी पोचलात तरच हे शांतपणे होतं. पण एवढ्या सपाट आणि कमी अंतराच्या भटकंतीसाठी भाड्याची साधी सायकल चालते. हंपी बाजार, कमलापूर आणि अनेगुंदी परिसरात ती मिळते. बहुतेक बिनगिअरच्या, पुढे टोपली असलेल्या. दुकानदार जी पुढे करेल ती घेऊ नका. पाच-सहा सायकली उभ्या असतील तर दहा मिनिटं घालवून त्यातली धड असेल ती निवडा.

आधी ब्रेक. पुढचा ब्रेक करकचून दाबा आणि सायकल पुढे ढकला. मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. पुढचं चाक फिरत राहिलं तर ती सायकल परत ठेवा. मग मागचा ब्रेक दाबून मागे ओढा. नंतर एकेक चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबरांमधल्या फटीकडे पाहा. रिम एकदा या रबराला, एकदा त्या रबराला घासत जात असेल तर चाक आऊट, म्हणजे वाकडं आहे. पेडलचा दांडा हातात धरून बाजूला हलवा, कटकट आवाज आला तर कॉटर पिन, म्हणजे दांडा पक्का धरणारी खीळ, सैल. ती तिथेच ठोकून घ्या, कारण रस्त्यात पेडल डुगडुगायला लागलं की मग ते वाढतच जातं. टायरला चिरा पडून आतले धागे दिसत असतील तर तो टायर बाभळीच्या काट्यापुढे तासभरही टिकणार नाही.

आता सीट. ही गोष्ट बहुतेक लोक सोडून देतात आणि मग गुडघे धरून बसतात. सीटवर बसून पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. टाच पोचत नसेल तर सीट उंच आहे, गुडघा वाकलेला राहत असेल तर बुटकी. दुकानदाराकडून पान्हा मागून तिथेच बसवून घ्या. चालवताना मात्र चवडा पेडलवर ठेवायचा, म्हणजे गुडघ्याला थोडा बाक आपोआप राहतो. कुलूप उघडून-लावून पाहा, घंटी वाजवून पाहा, दुकानदाराचा फोन नंबर घ्या. सायकल अनेगुंदीला मुक्कामी नेणार असाल तर तेही आधीच सांगून ठेवा.

सामान कॅरिअरवर बांधा, पाठीवर नको. पाठीवरच्या सॅकखाली तासाभरात शर्ट भिजतो आणि खांदे भरून येतात. कॅरिअरला सॅक घट्ट बसवायला रबरी दोरी सगळ्यात चांगली. तिचा आकडा स्पोकमध्ये लोंबत नाही ना, तेवढं पाहा. बरोबर हवं ते थोडकंच: पातळ सुती पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट, हेल्मेट आणि उतरल्यावर घालायला टोपी, दोन लिटर पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, समोर लावायला टॉर्च आणि मागे लाल दिवा, पंक्चरचं सामान, छोटा पंप. आणि सहज निघणारी चप्पल किंवा सॅंडल. मंदिरात दहादा उतरायचं असतं, लेसचे बूट सोडता-बांधता जीव मेटाकुटीला येतो.

पहिला दिवस : आधी नकाशा डोक्यात बसवा

दुपारी पोचलात तर लगेच हंपी बाजाराकडे पळू नका. कमलापूरच्या पुरातत्त्व संग्रहालयात जा (शुक्रवारी बंद असतं). तिथल्या चौकात हंपीच्या सगळ्या टेकड्या, नदी आणि मंदिरांचं मोठं प्रतिरूप मांडलेलं आहे. त्याभोवती दोन फेऱ्या मारा. उत्तरेला नदी, नदीकाठाने विरूपाक्ष, विठ्ठल वगैरे मोठी देवळं, मध्ये कालव्याची सुपीक पट्टी, आणि दक्षिणेला राजवाडे. शहराची ही रचना एकदा डोक्यात बसली की पुढचे चार दिवस रस्ता विचारायची वेळ फारशी येत नाही.

तिकिटाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. संग्रहालय, जनाना परिसर आणि विठ्ठल मंदिर या तिन्हींना एकच तिकीट चालतं, पण त्याच दिवसापुरतं. त्यामुळे लोक एका दिवसात तिन्ही उरकायच्या मागे लागतात. आपण निवांत आलो आहोत. पुन्हा तिकीट काढा आणि विसरून जा. महानवमी दिब्बा (उंच दगडी चौथरा), हजारराम मंदिर, राणीचं स्नानगृह यांना तिकीट नाही.

ऊन उतरलं की कंपलीच्या रस्त्याला लागा. गाणगित्ती जैन मंदिर रस्त्याच्या कडेलाच आहे. त्याच्या समोरच्या दीपस्तंभावर १३८५ सालचा शिलालेख आहे, म्हणजे हंपीतल्या बहुतेक प्रसिद्ध वास्तूंपेक्षा हे देऊळ शतकभराहून जुनं. कमी नक्षीचं, पायऱ्या-पायऱ्यांच्या शिखराचं. शेजारच्या कच्च्या वाटेने आत भीमद्वार आहे. या वेशीतून सरळ आत जाता येत नाही, भिंतींमधून वळणं घ्यावी लागतात. चाल करून येणाऱ्या घोडदळाचा आणि हत्तींचा वेग तोडायची ही युक्ती आहे, आणि सायकल हातात धरून तिथून गेलात की ती अंगाला कळते. पुढे माल्यवंत टेकडी. वनवासातला पावसाळा रामाने इथे काढला अशी श्रद्धा आहे. शेवटचा चढ छातीवर येतो, तिथे उतरून सायकल ढकला. माथ्यावर रघुनाथ मंदिर, आणि मंदिराच्या मागच्या खडकांवरून सूर्यास्त. परतीला दिवे लावा आणि अंधार पडायच्या आत कमलापुरात या.

दुसरा दिवस : राजवाडा परिसर

अंतराने हा सगळ्यात छोटा दिवस, सगळं मिळून आठ-दहा किलोमीटर भरेल. पण वेळ मात्र खूप लागतो. सूर्य उगवताना निघा. आधी राणीचं स्नानगृह: बाहेरून कोरी भिंत, आत कमानी, सज्जे आणि चुन्यातली नाजूक नक्षी. तिथून महानवमी दिब्बा.

इथे येऊन पुष्कळ जण हिरमुसतात, कारण राजवाड्यांची फक्त जोती उरली आहेत. कारण साधं आहे. देवळं दगडाची, राजवाडे मात्र दगडी जोत्यावर उभे केलेले लाकडाचे. २३ जानेवारी १५६५ला राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरचं सैन्य मोडलं. त्यानंतर शहर लुटलं गेलं, जाळलं गेलं. लाकूड गेलं, दगड राहिला. जोत्यांवर पाहिलंत तर खांब रोवायची बैठक असलेले चौकोनी दगड रांगेने दिसतात. ते मोजत चाललं की दालन किती मोठं होतं याचा अंदाज येतो. दिब्ब्याच्या बाजूच्या पट्ट्यांवर शिकार, हत्ती, घोडे, नर्तकी आणि परदेशी पोशाखातली माणसं कोरलेली आहेत. १५२०च्या सुमारास आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीजाने इथला नवरात्रीचा सोहळा पाहून सविस्तर लिहून ठेवला. कृष्णदेवरायाची कारकीर्द (१५०९ ते १५२९) तेव्हा भरात होती.

दिब्ब्याशेजारची पायऱ्यांची पुष्करणी १९८०च्या दशकात उत्खननात सापडली. काळसर-हिरव्या दगडाची, वरून खाली निमुळत्या होत जाणाऱ्या पायऱ्यांची. नेमकी भूमिती पाहून सगळे थक्क होतात आणि फोटो काढून निघतात. तुम्ही जरा थांबून पायऱ्यांचे दगड निरखा. काहींवर छोटी अक्षरं आणि खुणा कोरलेल्या आहेत: कोणत्या दिशेचा, कोणत्या ओळीचा दगड. म्हणजे हे दगड दुसरीकडे घडवून, खुणा करून इथे आणून जुळवले. पुष्करणीला पाणी पोचवणारा, खांबांवर पेललेला दगडी पाट जवळच उभा आहे. त्याच्या कडेने चालत मागे जा आणि पाणी कुठून यायचं ते शोधा. माझ्या मते राजवाडा परिसरातला हा सगळ्यात चांगला अर्धा तास.

दहा वाजेपर्यंत हजारराम मंदिर गाठा. बाहेरच्या भिंतीवर हत्ती-घोडे-सैनिक-नर्तकींच्या पाच रांगा, आत भिंतींवर रामायण. कथा क्रमाने वाचायची असेल तर प्रदक्षिणा घालत चला, चित्रकथेचं पुस्तक उलगडावं तसे प्रसंग पुढे सरकतात. पुत्रकामेष्टी कुठे, ताटका कुठे, हे लहान मुलंसुद्धा ओळखतात. मंडपातले काळे घासीव खांब हाताने चोळू नका. हातांच्या तेलाने त्यांचे उठाव झिजतात.

बारा ते तीन कुठेही भटकू नका. जेवा, झोपा. दुपारी साडेतीननंतर जनाना परिसर: कमल महाल आणि अकरा घुमटी दालनांचा हत्तीखाना. तिरपं ऊन कमानींमधून आत शिरतं तेव्हाच ही जागा उठून दिसते.

तिसरा दिवस : कमलापूर ते हंपी बाजार

रस्ता एकच, चार किलोमीटरचा, पण त्याला अख्खा दिवस द्या. आधी रस्त्याच्या खालच्या पातळीवरचं, पाण्यात उभं असणारं प्रसन्न विरूपाक्ष मंदिर, ज्याला सगळे भूमिगत मंदिर म्हणतात. मग लक्ष्मी-नरसिंह: एकाच शिळेत १५२८ साली कोरलेली, साडेसहा मीटरहून उंच मूर्ती. मांडीवरची लक्ष्मी फुटून गेली आहे. मात्र नरसिंहाच्या पाठीवर टेकलेला तिचा हात अजून तिथेच आहे. बाजूने जाऊन तो पाहायचा. शेजारच्या बडवीलिंगाच्या पायाशी कायम पाणी असतं, कारण कालव्याचा एक फाटा तिथूनच जातो.

इथून डावी-उजवीकडे केळी आणि भाताची शेतं लागतात. कालव्याच्या कडेची पायवाट दिसली तर सायकल हातात धरून थोडं आत जा. शेतकरी कामात असतील तर आधी आवाज द्या. पिकात पाय घालू नका आणि पाटाच्या बांधावरून सायकल चालवू नका, ओला बांध चाकाने फुटतो आणि पाणी भलतीकडे जातं.

कृष्ण मंदिर कृष्णदेवरायाने उदयगिरीच्या विजयानंतर बांधलं. समोरचा जुना बाजार आणि त्याच्या कडेची पुष्करणी चुकवू नका. यानंतर चढ आहे, हेमकूट टेकडी ओलांडून रस्ता खाली हंपी बाजारात उतरतो. त्या उतारावर बसगाड्या वळत असतात. ब्रेक सोडून जाऊ नका.

हेमकूटावर खडकांकडे लक्ष द्या. एखाद्या शिळेच्या कडेला बोटभर लांबीच्या आयताकृती खाचांची सरळ रांग दिसेल, कधी अर्धी शिळा तुटून बाजूला पडलेली. दगड फोडायची ही पद्धत: रांगेने खाचा पाडायच्या, त्यात पाचरी बसवायच्या आणि शिळा त्या रेषेत दुभंगेपर्यंत ठोकायचं. ज्या शिळा फोडायच्या राहिल्या त्यांच्यावर खाचा तशाच आहेत. एकदा नजर बसली की हंपीभर त्या दिसायला लागतात, आणि शहर कुठल्या दगडाचं बनलं हे वेगळं कुणी सांगावं लागत नाही.

विरूपाक्ष मंदिरात आजही पूजा चालते. सायकल बाजारात कुलूप लावून ठेवा आणि पिशवी हॅंडलला लटकवून जाऊ नका. माकडं चेन उघडतात. टोपलीत केळी, बिस्किटं दिसली की टोपलीसकट सायकल पाडतात. मंदिराच्या मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते. छोट्या झरोक्यातून येणाऱ्या प्रकाशाचा खेळ आहे, सकाळी ऊन चांगलं असताना दिसतो. हंपी बाजारातून नदीकाठाने विठ्ठल मंदिराकडे जाणारी वाट सुंदर आहे, पण खडकांची आणि पायऱ्यांची. सायकल नेण्यासारखी नाही. अच्युतराय मंदिरापर्यंत पायी जाऊन परत या.

चौथा दिवस : विठ्ठल, मग नदीपार

सामान बांधून पहाटे निघा. माल्यवंतच्या बाजूने तळारीगट्टूकडे जाणारा रस्ता घ्या. एका ठिकाणी तो थेट जुन्या वेशीच्या कमानीतून जातो. विठ्ठल मंदिराच्या अलीकडे सुमारे किलोमीटरभरावर गाड्या थांबवतात, पुढे बॅटरीवरच्या गाड्या चालतात. सायकल पार्किंगमध्ये कुलूपबंद करा, सामानाची सॅक बरोबर घ्या आणि चालत जा. वाट जुन्या विठ्ठल बाजारातून जाते, दोन्हीकडे खांबांच्या ओळी आणि वाटेत पुष्करणी.

दगडी रथ पन्नासच्या नोटेवर सगळ्यांनी पाहिलेला असतो. तो मुळात गरुडाचं देऊळ आहे, आणि त्याच्यावर पूर्वी विटांचं शिखर होतं. १८५६ साली अलेक्झांडर ग्रीनलॉ याने काढलेल्या छायाचित्रात ते स्पष्ट दिसतं. महामंडपातल्या संगीत देणाऱ्या खांबांवर टिचकी मारायला आता बंदी आहे आणि ती योग्य आहे. गाभारा रिकामा आहे. पंढरीची मूर्ती कृष्णदेवरायाने इथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही वारकऱ्यांची परंपरागत कथा. इतिहास म्हणून तिचं काय करायचं ते अभ्यासक पाहतील, पण मराठी माणूस त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर जरा जास्त वेळ थांबतो एवढं खरं.

नंतर तळारीगट्टूच्या घाटावर या. इथून होडीने पलीकडे अनेगुंदी. होडीत सायकली घेतात. चढवताना सॅक काढून हातात घ्या, सायकल होडीवाल्याला उचलू द्या आणि ब्रेक दाबून धरा. होडी संध्याकाळी लवकर बंद होते आणि पाणी वाढलं की अजिबात चालत नाही, म्हणून कमलापुरातच चौकशी करून निघा. होडी नसेल तर पूर्वेला बुक्कसागर-कडेबागिलू पूल आहे. वळसा पडतो, पण रस्ता शेतांमधून जातो.

पाचवा दिवस : अनेगुंदीची फेरी

अनेगुंदी हंपीपेक्षा जुनी. १३३६च्या सुमारास विजयनगरची स्थापना झाली त्याआधीपासून हे गाव आहे, आणि किष्किंधा हीच अशी इथली श्रद्धा. गावात गगन महाल, रंगनाथ मंदिर, जुनी वेस. केळीच्या सोपटाच्या दोरीपासून पिशव्या-टोपल्या विणणाऱ्या बायका इथे आहेत.

सकाळी सहाला निघून पश्चिमेच्या रस्त्याने पंपा सरोवर, मग अंजनाद्री. हनुमानाचं हे जन्मस्थान मानतात, पायऱ्या ५७५. सायकलवरून आल्यावर लगेच चढू नका, दहा मिनिटं बसा, पाणी प्या. वरून भातशेतं, नदी आणि पलीकडचं हंपी एका नजरेत येतं आणि चार दिवसांची सगळी वाट बोटाने दाखवता येते. तिथून पुढे सणापूर तलाव. दोन्ही बाजूंना शिळांचे ढीग आणि मध्ये हिरवा पट्टा, या भटकंतीतला सायकल चालवायला सगळ्यात चांगला रस्ता हाच. तलावात किंवा नदीत पोहू नका. वरून संथ दिसणारं पाणी खडकांमधल्या भोवऱ्यांत ओढतं. टोपलीसारख्या गोल होडीतून फेरी मारायची तर लाइफ जॅकेट मागून घ्या. जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटरच्या आत भरतं.

पायात अजून जोर असेल आणि एक दिवस हाताशी असेल तर गंगावतीजवळ हिरेबेनकल आहे. विजयनगरच्याही दीड-दोन हजार वर्षं आधीची महापाषाण स्मारकं, दगडी फळ्या उभ्या करून बांधलेल्या घरांसारखी, टेकडीवर शेकड्यांनी. शेवटचा चढ पायीच करावा लागतो.

पंक्चर

होणारच. रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ माजलेली आहे, त्यामुळे सायकल कधीही झाडाखाली लोटून ठेवू नका, डांबरावर उभी करा. पंक्चर झालं तर चाक काढायची गरज नाही. सायकल स्टॅंडवर घ्या, हवा पूर्ण सोडा, लिव्हरने टायरची एकच कड रिमबाहेर काढा आणि ट्यूब बाजूने ओढून घ्या. तिच्यात हवा भरून गालाजवळून फिरवा, बारीक भोक कानाआधी गालाला कळतं. भोकाभोवती रुपयाएवढी जागा कानशीने खरवडा, सोल्यूशनचा पातळ हात द्या आणि पाच मिनिटं तसंच सुकू द्या. घाईत ओल्यावर पॅच लावला की तो सरकतो. बोटाला चिकटेनासं झालं की पॅच लावून दगडावर ठेवून दाबा. आणि ट्यूब आत घालायच्या आधी टायरच्या आतून कापडाचा बोळा गोल फिरवा. काटा अजून तिथेच असतो, कापड त्याला अडकतं. तो नखाने न काढता चिमट्याने किंवा पक्कडीने ओढा. हे केलं नाही तर पाचव्या मिनिटाला पुन्हा तेच.

गावांमधून जाताना

कन्नड येत नसेल तरी चार शब्द पाठ करा. 'हंपीगे दारी यावुदु?' म्हणजे हंपीला वाट कुठली. 'एष्टु दूर?' किती लांब, 'नीरु' पाणी, 'साकु' पुरे. मोठ्या माणसाला अण्णा, बाईला अक्का, म्हाताऱ्याला अज्जा. उत्तर बहुधा हातवाऱ्यांनी येतं आणि पुरतं. अंगणात धान्य वाळत घातलेलं असतं, चौथऱ्यावर बायका बसलेल्या असतात, तिथे उतरून सायकल हातात धरून चाला आणि फोटो विचारूनच काढा. कुत्रं भुंकत मागे लागलं तर जोरात पळवू नका. उतरा, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरा आणि सावकाश चालत राहा, त्याची हद्द संपली की ते परत फिरतं.

अंधारानंतर सायकल नाही, हा एक नियम कडक पाळा. या खडकाळ टेकड्यांत बिबटे आहेत, अस्वलांसाठी राखलेलं दरोजी अभयारण्यही जवळच आहे. शिवाय ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या विनादिव्याच्या असतात, आणि खरं तर भीती त्यांचीच जास्त. एकट्या बाईने किंवा एकट्या पुरुषाने संध्याकाळी कालव्याकाठी निर्जन जागी रेंगाळू नये. परतायची वेळ मुक्कामाच्या घरी सांगून निघा.

परतीच्या दिवशी सायकल देऊन होसपेटला जाताना हाताशी दोन तास असतील तर शहराच्या अलीकडेच अनंतशयनगुडी आहे. शेषशायी विष्णूसाठी बांधलेलं असल्याने गाभारा लांबट, आणि त्यावरचं छत गाडीच्या टपासारखं गोलसर, हंपीत इतर कुठेही न दिसणारं. रिक्षा थांबवून पाहून घ्या.